विमा खाटेला, आजार घरात



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर नेहमीचे विषय आहेतच. कापसाचा भाव आहे, पीकविम्याची रक्कम आहे, रानडुकरांनी उकरलेल्या वावराची भरपाई आहे. त्यांच्याखाली या वेळी एक नवा विषय घातला आहे. सरकारी आरोग्य विम्यातून मनाच्या आजारावर आणि दारूच्या व्यसनावर उपचार मिळाले पाहिजेत, हा तो विषय. तो वाचून बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडणार हे आम्हाला ठाऊक आहे. कास्तकारांच्या संघटनेचा आणि वेड्यांच्या दवाखान्याचा संबंध काय, असे कोणी विचारेल. दारुड्यांसाठी कशाला भांडायचे, असेही कोणी म्हणेल. बैठकीत वेळ थोडा असतो, म्हणून आमचे म्हणणे आधीच मांडून ठेवतो.

म्हणणे एवढेच आहे. सरकारने प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे कार्ड दिले. ते कार्ड दवाखान्यातल्या खाटेचे पैसे देते. आपल्या गावांतून माणसे नेणारे दोन आजार, नैराश्य आणि दारू, हे खाटेवर बरे होणारे आजार नाहीत. त्यांना महिनोन्‌महिने औषध, सल्ला आणि पाठपुरावा लागतो. त्याला त्या कार्डात जागा नाही. ती जागा आपल्याला मागायची आहे, आणि ती हक्क म्हणून मागायची आहे.

भाव मागणाऱ्याने औषध मागू नये काय?

पहिली शंका आपल्याच घरातली आहे, म्हणून तिला आधी उत्तर देतो. शेतकरी मरतो तो मन कमकुवत आहे म्हणून नव्हे, त्याला लुटले म्हणून मरतो, हे आपण वर्षानुवर्षे ठणकावून सांगत आलो. ते खरे आहे. त्यातला एक शब्दही आम्ही मागे घेत नाही. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यातले ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातले. हे आकडे केंद्र सरकारच्याच गुन्हे नोंदणी विभागाचे आहेत. एकाच राज्यातल्या माणसांची मने तेवढी कमकुवत निपजतात, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने खुशाल म्हणावे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली, नेमका आपला कापूस बाजारात यायच्या वेळी. या दुखण्यावर कोणत्याही मानसोपचार डॉक्टरकडे गोळी नाही.

पण पावसाने दडी मारली की पऱ्हाटी पाते गाळते. दोष पावसाचा असतो. म्हणून आपण आभाळाकडे बघत धुऱ्यावर बसून राहतो काय? डवरणी करतो, जमिनीतली ओल धरून ठेवतो, जे झाड वाचेल ते वाचवतो. घुग्घूस-बल्लारपूरच्या कोळसा खाणीतल्या कामगाराच्या छातीत धूळ बसते. त्याची युनियन खाणीच्या व्यवस्थापनाशी भांडते आणि त्याच्या छातीवर उपचारही मागते. दुखण्याचे कारण खाणीत आहे, तेव्हा औषध नको, असे कोणताही कामगार पुढारी म्हणत नाही. मग कर्जाने ज्याची झोप उडाली, ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, जो चार-चार दिवस कोणाशी बोलत नाही, त्याला औषध मागताना आपल्यालाच संकोच का वाटावा?

संकोचाचे एक कारण आम्हाला समजते. सरकार मनाच्या आजाराची ढाल करते. आपण भाव विचारला की ते समुपदेशक पाठवते. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला तो आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत. त्यात यवतमाळ होते, वर्धा होते. चंद्रपूर नव्हते, गडचिरोली नव्हते. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्याला आरोग्य योजनेत घेतले तेही त्याच १४ जिल्ह्यांत. जणू पैनगंगा ओलांडून कोरपना-राजुऱ्याकडे आले की कापूस उत्पादकाला दुःख होत नाही! यादी करणाऱ्यांनी नकाशावर रेघ मारली आणि आपण रेघेच्या या बाजूला राहिलो. ढाल मोडण्याचा मार्ग सरळ आहे. समुपदेशन ही भावाऐवजी दिलेली भीक म्हणून घ्यायची नाही. भावाचे भांडण वेगळे, दवाखान्याचे वेगळे. दोन्ही लढायची.

कार्ड काय देते आणि काय देत नाही

आता कार्डाकडे पाहू. राज्याची ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या आठांत गडचिरोली होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, २०२० मध्ये दोन्ही योजना जोडल्या. २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांचे संरक्षण शिधापत्रिकेचा रंग न पाहता सगळ्यांना मिळाले, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ही चांगली गोष्ट झाली. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंड यांत घर आणि वावर विकायची पाळी पुष्कळांवरून टळली. जे झाले ते आम्ही नाकारत नाही.

पण योजनेचा मूळ साचा पाहा. सुरुवातीच्या यादीत ३० विशेष विभाग आणि ९७१ उपचार होते. त्या ३० विभागांत मनोविकार हा विभागच नव्हता. पुढे केंद्राच्या यादीत मानसिक आजारांचा गट आला आणि व्यसनातून होणारे मानसिक आजारही त्यात धरले गेले. पण मूळ केंद्रीय यादीत तो गट सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवला गेला, आणि पैसे मिळणार ते रुग्ण भरती झाला तरच. बाह्यरुग्ण म्हणून तपासणी, महिन्याची औषधे, सल्ल्याच्या बैठका, घरी जाऊन केलेली चौकशी यांना ही योजना पैसे देत नाही.

खाट लागतच नाही असे नाही. रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर पहिल्या दिवसातच हातपाय कापतात, घाम सुटतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून कोणी शपथ घालून, खोलीत कोंडून दारू सोडवू नये. हे दिवस दवाखान्यात काढावे लागतात. डॉक्टर झटके रोखणारे औषध आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. आठवडाभरात माणूस शुद्धीवर येतो, जेवू लागतो, घरी जातो.

आणि खरा उपचार तिथून सुरू होतो! घरी तोच सावकार, तोच बँकेचा कागद, तेच मित्र, संध्याकाळचा तोच रस्ता. पुढचे वर्षभर ओढ कमी करणारे औषध, महिन्याला एक तपासणी आणि ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असा शिकवून तयार केलेला माणूस लागतो. नैराश्याचेही तसेच. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती सहा-नऊ महिने चालू ठेवावी लागते. या गोळ्या महाग नाहीत. महाग पडते ते त्या गोळीपर्यंत पोचणे. जिवतीच्या डोंगरातून चंद्रपूर गाठायचे, सिरोंच्याहून दोनशे किलोमीटरच्या वर गडचिरोली गाठायची, किंवा दोन्हीकडे काम झाले नाही तर नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय गाठायचे. महिन्याला एक फेरी म्हणजे वर्षाला बारा. सोबतीला एक माणूस, म्हणजे चोवीस जणांचा प्रवास आणि चोवीस बुडालेल्या मजुऱ्या. बाईला एस. टी.त अर्धे तिकीट आहे हे धरले तरी हिशेब बसत नाही. निंदण आणि वेचणीच्या हंगामात तिसऱ्या फेरीलाच उपचार सुटतो. मग गाव म्हणते, 'याला औषध लागूच होत नाही.'

आता या साच्यातला क्रूरपणा पाहा. तोच माणूस उद्या फवारणीचे औषध प्याला आणि त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवायची वेळ आली, तर त्या उपचाराला योजनेच्या यादीत जागा आहे. विष पिण्याआधी त्याला चार वेळा भेटून बोलणाऱ्याला मात्र जागा नाही. गुलाबी बोंडअळीसाठी आपण जूनपासून काय शिकवतो? कामगंध सापळे लावा, पतंग मोजा, नुकसानीची पातळी गाठायच्या आत उपाय करा, बोंड किडल्यावर फवारून पैसा घालवू नका. पिकासाठी सरकारला हे कळते, विद्यापीठ त्यावर पत्रके छापते. माणसासाठी मात्र बोंड पुरते किडेपर्यंत थांबायचे, असा नियम आहे.

कोणी अधिकारी म्हणेल, विमा योजनेचा साचा भरतीपुरताच असतो, त्याला इलाज नाही. हे खरे नाही. याच योजनेत सुरुवातीपासून १२१ उपचार पाठपुराव्याचे म्हणून मान्य होते. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी गेला, तरी नंतरची तपासणी आणि औषधे योजनेतून मिळावीत हे तत्त्व सरकारनेच स्वीकारले आहे. डायलिसिसचा रुग्ण मुक्काम न करता पुन्हा पुन्हा येतो, त्याचेही पैसे मिळतात. हृदयाला पाठपुरावा चालतो, मूत्रपिंडाला चालतो, मग मनाला का चालत नाही?

कायदा आपल्या बाजूने आहे

ही दयेची याचना नाही हे आम्ही म्हणालो. त्याचा आधार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा आहे. तो २०१८ पासून लागू आहे. त्यातल्या चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ कराव्यात.

एक, कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था हा मानसिक आजारच आहे. दारुडा हा चारित्र्याचा शब्द झाला. कायदा त्याला रुग्ण म्हणतो.

दोन, कलम १८ प्रमाणे सरकारने चालवलेल्या किंवा पैसे पुरवलेल्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क प्रत्येकाला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी हा उपचार पूर्ण फुकट मिळाला पाहिजे. जिल्ह्यात किमान सरकारी सोय नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या मानसिक आरोग्य सेवेचा खर्च सरकारने उचलायचा आहे.

तीन, कलम २१ प्रमाणे प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराला जसा विमा दिला जातो तसाच मानसिक आजारालाही द्यायचा आहे.

चार, कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते. त्याला शिक्षा करायची नाही. त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे. गावात अजून पोलीस केसच्या भीतीने लोक विष घेतल्याचे लपवतात आणि मोलाचा वेळ जातो. ही भीती काढली पाहिजे.

कायदा असा असताना व्यवहार कसा आहे? विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये कंपन्यांना कायदा पाळायला सांगितले. त्याच प्राधिकरणाने २०१९ मध्ये पॉलिसीतून वगळता येणाऱ्या गोष्टींची एकसारखी यादी केली, आणि तिच्या बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ आणि व्यसनाचे उपचार घातले. संसद ज्याला आजार म्हणते त्याचे पैसे नाकारायची मुभा नियामक देतो! २०२१ मध्ये एका शिकलेल्या महिलेला मानसिक आजाराच्या दाव्यासाठी सरकारी विमा कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पण दिल्लीच्या कोर्टात जायला आपल्यातला कोण जाणार?

आणि आपल्याच नावाच्या योजना पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २०२३ पासून विमा कंपनी नाही, दोन लाखांचे अनुदान शासन थेट देते. पण न देण्याच्या कारणांच्या यादीत आत्महत्या आहे आणि नशेत झालेला अपघातही आहे. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचे धोरण २००५-०६ पासूनचे आहे. त्या एका लाखासाठी विधवेने चौकशीला उभे राहायचे, सात-बारा दाखवायचा, बँकेचे थकीत कर्ज दाखवायचे. नवरा पीत होता असे कोणी सांगितले की प्रकरण अपात्रतेकडे झुकते, हे विदर्भात आपण वर्षानुवर्षे पाहत आहोत. जिवंत असताना ज्या दारूवर सरकारने उपचार दिला नाही, मेल्यावर तीच दारू त्याच्या लेकरांच्या विरोधात साक्ष म्हणून उभी केली जाते.

दारूचा पैसा कुठे जातो?

आपल्या दोन जिल्ह्यांना दारूचा प्रश्न नवा नाही. गडचिरोलीत लोकांनी, विशेषतः बायांनी, आंदोलन करून १९९३ मध्ये दारूबंदी मिळवली. चंद्रपूरच्या बायांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी झाली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी असावी की नसावी यावर आपल्या संघटनेत दोन मते आहेत आणि तो वाद इथे उकरायचा नाही. पण या सगळ्या वर्षांत मुंबईत चर्चा कशाची झाली? परवान्यांची, महसुलाची, चोरट्या दारूची. दुकान उघडायचे की बंद करायचे यावर समित्या बसल्या. जो पितो त्याच्या यकृताची, त्याच्या झोपेची आणि त्याच्या बायकोच्या पाठीवरच्या वळांची चर्चा तेवढ्या हिरिरीने झाली नाही. दुकान बंद झाले तरी व्यसन लागलेल्या माणसाला उपचार लागतो. दुकान उघडले तर तो जास्त लागतो.

ज्वारी पिकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान देण्याचे धोरण आणले. आपल्या ज्वारीला गिऱ्हाईक मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. ज्वारी कोणाला विकायची हा शेतकऱ्याचा हक्क आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. पण दारूच्या लिटरला दहा रुपये द्यायची तयारी असलेल्या सरकारला त्या दारूने आजारी पडलेल्या माणसासाठी महिन्याच्या गोळीचे पैसे नाहीत, हे आम्ही कसे मान्य करावे?

पैसा नाही, ही सबब तर चालणारच नाही. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला. हा जुन्या महसुलाच्या वरचा पैसा. हिशेब अवघड नाही. या जादा पैशाचा फक्त एक टक्का म्हणजे १४० कोटी. ते राज्याच्या ३६ जिल्ह्यांना सारखे वाटले तर जिल्ह्याला जवळपास ३ कोटी ८८ लाख येतात. केंद्राच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३ लाख २० हजारांची तरतूद धरलेली आहे. म्हणजे दारूच्या जादा कराच्या एका टक्क्यात तो कार्यक्रम साडेचार पटींहून मोठा होतो. पिणाऱ्याच्या खिशातून गेलेल्या शंभर रुपयांतला एक रुपया त्याच्या उपचाराला द्या, एवढेच हे मागणे आहे.

दुसरी अडचण खात्यांची. दारूचा कर उत्पादन शुल्क विभाग घेतो. व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय विभाग बघतो. मनाचे आजार आरोग्य विभागाकडे. विम्याचे काम राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे. एका माणसाचे चार वाटे झाले आणि कोणाच्याच वाट्याला तो पूर्ण आला नाही. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेला व्यसनाचा देशव्यापी पाहणी अहवाल २०१९ मध्ये आला. दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकाला कसला तरी उपचार मिळतो आणि १८० जणांत एकाला दवाखान्यात भरती होता येते, असे त्यात आहे. खाटेला जोडलेला विमा त्या १८० तल्या एकाच्या कामाचा. बाकीच्या १७९ जणांनी काय करावे?

हे करता येते

डॉक्टर नाहीत, म्हणून काही होणार नाही, असे सांगितले जाईल. मानसोपचार डॉक्टर कमी आहेत हे खरे. पण प्रत्येक भेटीला डॉक्टरच लागतो असे नाही, हे आपल्या शेजारीच दाखवून झाले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवले, त्यांच्यावर समुपदेशक, त्यांच्यावर डॉक्टर अशी रचना केली. सुरुवातीला नैराश्याच्या शंभर रुग्णांतले चारच जण उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाच्या अंतराने पुन्हा पाहणी केली तेव्हा ते सत्तावीस झाले. मरणाचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावे कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यातली, म्हणजे आपल्यासारखीच.

गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर अभ्यास झाला. ज्यांच्याकडे कसली वैद्यकीय पदवी नव्हती अशा शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांत शंभरातले ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते. नुसता नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ते २६ होते. चार बैठकांत जादूची कांडी फिरत नाही, पण शंभर घरांतली दहा घरे वाचतात. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, 'सर्च' संस्था, टाटा ट्रस्ट आणि लोक यांनी मिळून 'मुक्तिपथ' चालवले आहे. त्यात तालुक्याच्या गावी व्यसन उपचाराची क्लिनिके भरतात. तालुक्याला दवाखाना चालू शकतो याचा पुरावा आपल्याच जंगलात आहे. पण ट्रस्टच्या आणि संस्थेच्या भरवशावर चालणारे काम हक्क होत नाही. ते विमा योजनेच्या कायम तरतुदीत आले पाहिजे. चंद्रपुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये झाले, गडचिरोलीचे २०२४ मध्ये. आता 'जिल्ह्यात तज्ज्ञ नाही' हे उत्तर आणखी किती वर्षे ऐकायचे?

राहिली शेवटची शंका. दारू तो स्वतःच्या पायाने जाऊन प्यायला, त्याचा भुर्दंड समाजाने का सोसावा? आम्ही उलट विचारतो. तंबाखूने झालेल्या कर्करोगाला ही योजना पैसे देते, आणि तिने ते द्यावेतच. दुचाकीवरून भरधाव जाऊन पाय मोडला तरी देते. तिथे चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. शेतकऱ्याच्या दारूलाच तेवढे विचारायचे काय? आणि उपचार न दिल्याने खर्च वाचतो असेही नाही. तो घरावर पडतो. बाई एकटी वावर सांभाळते, पोरगी शाळा सोडते, बैलजोडी विकली जाते.

आपल्या मागण्या

१. महात्मा फुले-आयुष्मान भारत योजनेत नैराश्य, इतर मानसिक आजार आणि दारूचे व्यसन यांसाठी बारा महिन्यांचा पाठपुरावा उपचार घालावा. त्यात औषधे, समुपदेशनाच्या बैठका, घरभेट आणि रुग्ण व सोबती यांचे एस. टी. भाडे असावे. भरतीची अट नसावी.

२. चंद्रपूरच्या १५ आणि गडचिरोलीच्या १२ तालुक्यांत प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्याचा ठरलेला एक दिवस या उपचारासाठी ठेवावा. शक्यतो तो बाजाराचा दिवस असावा.

३. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना समुपदेशक म्हणून तयार करावे, त्यांना मानधन योजनेतून द्यावे. आशाताईंवर फुकटचे आणखी एक काम लादू नये.

४. मद्यावरच्या वाढीव शुल्काचा किमान एक टक्का या कामासाठी बांधून ठेवावा आणि जिल्ह्याला किती आला ते दरवर्षी जाहीर करावे.

५. कलम १८ प्रमाणे खर्च भरपाईची पद्धत काय, ती कोणाकडे मागायची, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर मराठीत लिहून लावावे.

६. मृत शेतकरी दारू पीत होता किंवा मनाने आजारी होता, एवढ्या कारणावरून आत्महत्येचे प्रकरण अपात्र ठरवू नये.

७. विमा नियामकाने व्यसनाच्या उपचारावरची बंदी पॉलिसींच्या यादीतून काढावी.

बैठकीला येताना

प्रत्येक गावच्या प्रमुखाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याची गोळी मिळते की नाही, सर्वात जवळचा मानसोपचार डॉक्टर कोणत्या गावी कोणत्या वारी बसतो, आणि तिथे जायला-यायला भाडे किती पडते. गावात कोण पितो आणि कोण आजारी आहे याची नावे मात्र आणू नका. कोणाच्या घरची अब्रू चावडीवर मांडायची नाही. या तीन उत्तरांवरून जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन तयार करू.

बायांनी या बैठकीला मोठ्या संख्येने यावे. दारूचा विषय दोन्ही जिल्ह्यांत त्यांनीच रस्त्यावर आणला आणि घरात त्याचा मार त्याच खातात. या मागण्यांचे निवेदन त्यांनीच पुढे राहून द्यावे, अशी आमची सूचना आहे.

तोपर्यंत १४४१६ हा नंबर प्रत्येकाने घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. ही २०२२ पासून चालणारी सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते. शेजारचा माणूस गप्प गप्प राहू लागला, वावरात जायचे सोडले, उगाच हिशेब मिटवू लागला, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि फोन लावून द्या. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवा. एवढे आपण आजपासून करू शकतो. बाकीचे सरकारकडून घ्यायचे आहे. त्यासाठी बैठकीला या.